पाठ बघू

आमच्या द्रौपदाआत्याला कुठलंही मूल दिसलं की ती त्याचं नाव विचारत नाही, खाऊ देत नाही, गालही ओढत नाही. ती सरळ त्याच्या मानेमागून सदऱ्यात हात घालते. "पाठ बघू," म्हणते, आणि मनगटापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून थोडा वेळ तशीच उभी राहते. मग निकाल देते.

पाठ कोरडी असली तर "बरं हाय." दमट असली तर "वाफ धरली." चांगलीच ओली असली तर "शिजलं." आणि हाताला घामोळं लागलं तर "करपलं!" हे शेवटचं ती एवढ्या मोठ्याने म्हणते की पोराच्या आईला आपण चुलीवर काहीतरी ठेवून आलो असं वाटायला लागतं. आत्याचा जन्म भातशेतीत गेला. भात असो नाहीतर पोर असो, तिची पारख एकच.

मूल ओळखीचं असावं अशी तिची काही अट नाही. मागच्या उन्हाळ्यात मी तिला घेऊन शहापूरच्या एसटी स्टँडवर उभा होतो. शेजारी एक तरुण जोडपं होतं. बापाच्या डोळ्यांवर गॉगल, आणि कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा, तोही जीन्स, बूट आणि टोपीवालं जाकीट घालून. दुपारची वेळ. डांबर चपलेला चिकटत होतं. मुलगा भोकाड पसरून रडत होता. मी "आत्या, नको" म्हणेपर्यंत तिचा हात जाकिटात गेलासुद्धा. मुलगा इतका चकित झाला की रडायचाच थांबला.

"ओ मावशी, काय चाललंय?" बाप म्हणाला.

"तुजा पोर शिजला."

"काय?"

"शिजला. जाकीट काड त्याचं."

"अहो, ब्रँडेड आहे ते!"

"कोनाचं पन असंना. आत पोर तुजाच हाय ना?"

बापाने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचतो. आत्यासोबत इतक्यांदा उभा राहिलोय की आता ते मला पाठ झालंय. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर मुलगा बनियनवर खिदळत होता, जाकीट बापाच्या खांद्यावर होतं, आणि मुलाची आई आत्याच्या कानाशी लागून सांगत होती, "मी सकाळपासून तेच बोंबलतेय."

महाभारतातल्या द्रौपदीचं वस्त्रहरण झालं, आमची द्रौपदा दुसऱ्यांचं करत फिरते, असं सापगावातली टवाळ पोरं म्हणतात. ही सगळी टवाळ पोरं तिच्याच झबल्यांत लहानाची मोठी झाली आहेत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. तिला मुरबाडकडे दिली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती परत सापगावला आली आणि आमच्या परसामागच्या दोन खोल्यांत राहू लागली. लावणी-कापणीला शेतात जाते, एरवी पायाने चालवायचं शिलाई मशीन घेऊन दारात बसते. मशीनवर फक्त झबली शिवते. ब्लाउज शिवून मागायला गेलेल्या बायकांना ती सांगते, "मना मोठ्या मानसांचं माप येत नाय."

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरून गेलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचं किंवा लुगड्याचं झबलं शिवतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. फक्त बाकीचे लोक बारशापर्यंत थांबतात, आणि आत्या दहावीपर्यंत जाते. "नवं कापड पोराला चावतं," हे तिचं ठाम मत. बिनकॉलरचं, बिनबटणाचं, मागे एक नाडी, लांबीला गुडघ्यापर्यंत. अशी झबली भरलेली पिशवी कायम तिच्या काखेत असायची. कुठे पोर शिजलेलं दिसलं की पिशवीत हात.

आता, लहान मुलांना उन्हाळ्यात काय घालावं यावर आमच्या आळीत जेवढी भांडणं होतात तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही होत नाहीत. माझी आई म्हणते, काही झालं तरी कान झाकलेच पाहिजेत, गरम वारं कानातून शिरतं आणि पोटात जाऊन बसतं. माझी बायको वैशाली मोबाइलवर वाचून हॅट घालते, आणि पोरीच्या हातापायांना लोशन चोपडते. समोरचे किसनकाका म्हणतात, "आमी उघडे वाढलो, काय झालं आमाला?" हे ते पाठ खाजवत खाजवत म्हणतात. आणि आमच्या ओवीच्या बालवाडीतल्या बाईंना मे महिन्याच्या तोंडावरसुद्धा पायमोजे लागतात, कारण पायमोज्यांशिवाय शिस्त लागत नाही.

या सगळ्यांत सापडते ती बिचारी ओवी. ती आमची मुलगी, पाच वर्षांची. एका सकाळी वैशालीने तिला हॅट घालून खेळायला पाठवली. ओटीवर माझ्या आईने हॅटवरूनच फडकं बांधून कान झाकले. फाटकात किसनकाकांनी चपला काढायला लावल्या, पायांना माती लागली पाहिजे म्हणून. आणि थोड्या वेळाने ती आत्याच्या दारातून झबल्यात परत आली. हातात हॅट होती, हॅटमध्ये फ्रॉक होता, आणि चेहरा एकदम खूश होता.

आत्याच्या या सगळ्या शास्त्रात एक भलंमोठं भोक होतं. दुसऱ्यांच्या पोरांना सुती घालायचा एवढा सोस, पण स्वतः बाई बारा महिने झगमगीत सिंथेटिक साड्यांत. लग्नात आहेर म्हणून देतात तसल्या. पोपटी अंगावर सोनेरी वेली, राणी रंगावर चंदेरी टिपके. नेसून चालली की कागद चुरगाळल्यासारखा आवाज व्हायचा. मी एकदा तिला म्हटलं, "आत्या, पोरांना लायलन नको आणि तू स्वतः?" सिंथेटिक म्हणून जे काही असेल त्याला ती लायलनच म्हणते.

"मी काय आता कवली हाय?" ती म्हणाली. "म्हाताऱ्या चामड्याला काय लागतंय? तू तुजी पाठ बघ." आणि तिने माझीच पाठ बघितली. वाफ धरली होती.

नळावरच्या बायका म्हणायच्या, म्हातारपणी आत्याला नटायची हौस आली. त्यांचं ऐकून मीही हसायचो.

आत्याचं जरा वाकडं झालं ते आमच्या भावकीतल्या एका लग्नापासून. शहापूरला हॉल घेतला होता. वरात यायच्या आधी छोट्या मुलांचा डान्स ठेवला होता. मुलांना काळे सूट, काळे गॉगल, बो सुद्धा. तयारीच्या खोलीत मुलांवर लक्ष ठेवायला कोण? कुणीतरी म्हणालं, आत्या बसल्यात ना रिकाम्या. ज्याने हे सुचवलं त्याचं नाव अजून कुणी कबूल करत नाही.

गाणं सुरू झालं, लाइट फिरले, धूर सोडला, आणि धुरातून मुलं बाहेर आली ती झबल्यांत. फुलांची, चौकड्यांची, ठिपक्यांची. डोळ्यांवर गॉगल मात्र तसेच होते, कारण गॉगलने पाठ शिजत नाही. मुलांना इतकं मोकळं वाटत होतं की डान्स त्यांनी दोनदा केला. सूट मागच्या खिडकीत दोरीवर वाळत घातले होते आणि आत्या त्यांना वारा घालत होती.

त्या लग्नाचा अल्बम मी पाहिलाय. नवरी रडतेय, मागे झबलं. मामा नवरीला घेऊन येतोय, त्याच्या पायांत झबलं. नवरीच्या वडिलांनी आत्याशी बोलणं टाकलं, आणि हळूहळू भावकीने तिला लग्नाला बोलवायचंही टाकलं. लग्नसराईत आळीत पत्रिका वाटायला माणूस आला की आमच्या घरी द्यायचा, किसनकाकांकडे द्यायचा आणि आत्याच्या दारात फक्त पाणी प्यायचा. पाणी ती स्वतः तांब्या घेऊन उभी राहून द्यायची. तो प्यायचा, तोंड पुसायचा आणि पुढच्या घराकडे चालू लागायचा.

"माजी पत्रिका छापायची ऱ्हायली असंल," ती मला म्हणायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. ज्या घरात लग्नाचा मांडव उभा राहील तिथली सगळी पोरं आपलीच, असं समजणारी बाई ती. लग्नसराईत तिला घरी बसलेलं बघवायचं नाही.

आणि या वर्षी आमच्याच घरात लग्न निघालं. माझा धाकटा भाऊ दिनेश, मुलगी टोकावड्याची. मे महिना, भर दुपारचा मुहूर्त, मांडव नवरीच्या घरापुढच्या शेतात. वैशालीने मुलांचे कपडे कल्याणहून आणले. पुतणे, भाचे सगळ्यांना मखमलीच्या शेरवान्या. ओवीला मरून मखमलीची घागरा-चोळी, वर जाळीची ओढणी, आणि सगळीकडे टिकल्या. घागरा घालून ओवी घरभर फिरली की मागे टिकल्यांचा माग पडायचा. गर्दीत हरवली असती तर शोधायला तेवढी सोय होती.

मी वैशालीला आत्याबद्दल विचारलं. ती इस्त्री करत होती. "बोलवू नका असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "आपल्याच आहेत त्या. पण आपल्या लग्नात फोटोत एक जरी झबलं दिसलं, तर मी तुमच्याशी बोलणार नाही." वैशालीने मनात आणलं तर ती खरोखर बोलत नाही. मी अनुभव घेतलेला आहे.

पत्रिका घेऊन मी आत्याकडे गेलो. तिने हात धुतले, पत्रिका दोन्ही हातांत घेतली, हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवली आणि परत उचलून बराच वेळ बघत बसली. मग मी अटी सांगितल्या. एक, कुठल्याही मुलाच्या पाठीला हात लावायचा नाही. दुसरी, पिशवी आणायची नाही.

"पिशवी पन नाय?"

"पिशवी पण नाही."

"आनि एकादं पोर अगदीच करपलं तर रे?"

"त्याची आई बघेल, आत्या."

ती पत्रिकेची कड बोटाने गुळगुळीत करत राहिली. "सुध्या," शेवटी म्हणाली, "आता जर मी हात लावला ना, तर मना परत कोन बोलावनार नाय. तेवढं मना कलतं रे. नाय लावनार. देवीची आन."

मला वाईट वाटलं, पण मी तसाच घरी आलो आणि वैशालीला सांगितलं की मिटलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची बस सुटायच्या आधीच आत्या आत बसलेली होती. अंगावर केशरी जांभळी, डोळे दिपवणारी आहेराची साडी. काखेत पिशवी नव्हती, पण एक भलीमोठी उशी होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"कंबार दुखतं."

मुरबाड मागे पडलं तसा उन्हाचा चटका वाढला. खिडकीतून येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा. ओवी आत्याच्या शेजारी बसली होती, आणि तिची मान, तिचा मखमली गळा अगदी आत्याच्या हाताशी होता. मी मागच्या बाकावरून बघत होतो. आत्याचा उजवा हात आपोआप वर उठायचा, मानेपर्यंत जायचा, आणि मग ती डाव्या हाताने त्याला चापट मारायची. शेवटी तिने उजवा हात डाव्या हातात गच्च धरला आणि टोकावड्यापर्यंत तशीच बसून राहिली. खोड्याळ पोराला जत्रेत धरून ठेवावं तसा.

टोकावड्याला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं अंतर दगड मारला तर पोचेल एवढं. दिनेशच्या मित्रांनी ते नाचून नाचून एवढं लांबवलं की मुहूर्त टळायची वेळ आली. भटजी माइकवरून विनवण्या करत होते, डीजेवाला त्या विनवण्यांना ताल देत होता. मांडवात कापडाखाली कोंडलेली गरमी. कूलर होते, पण ते एका बाजूची गरम हवा घेऊन दुसऱ्या बाजूला नेऊन देत होते. मोठी माणसं पत्रिकांनी वारा घेत होती. मुलांच्या हातात पत्रिकाही नव्हत्या. त्यांना फोटोसाठी हलायची बंदी होती.

आणि मग मी ते दृश्य पाहिलं. आत्या मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. माझ्या चुलतभावाचा थोरला मुलगा शेरवानीत घामाघूम होऊन आला आणि काही न बोलता तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. आत्याने तोंड फिरवलं. मग त्याचा धाकटा भाऊ आला आणि त्याच्या मागे उभा राहिला. मग आमचे भाचे. रांग बघून नवरीकडची पोरंही येऊन उभी राहिली. त्यांना आत्या कोण ते माहीत नव्हतं, पण रांग आहे म्हणजे काहीतरी वाटत असणार, हे त्यांना माहीत होतं.

"जा रे बालांनो," आत्या डोळे मिटून म्हणत होती. "मना शबुद हाय. तुमच्या आयशीकडं जा. मना नका दाकवू पाठी."

कुणी हललं नाही. वैशाली लांबून तरातरा आली. तिच्या मागे फोटोग्राफर होता. ती मला काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात रांगेच्या टोकाला तिला ओवी दिसली.

ओवी बोलत नव्हती. आमची ओवी झोपेत बोलते, जेवताना बोलते, दात घासताना बोलते. ती गप्प उभी होती, तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, डोळे जड. वैशालीने वाकून तिच्या गळ्यातून मागे हात घातला. तिचा चेहरा एकदम उतरला.

"आत्या," वैशाली म्हणाली, "पाठ बघा."

"नको गो. आन घेतलेय मी."

"मी सांगतेय ना! मी तिची आई सांगतेय. बघा."

आत्याने हात मांडीखालून काढला. तो दाबून दाबून पांढरा पडला होता. ओवीच्या पाठीवर तिने तो ठेवला आणि डोळे मिटले. या वेळी ती ओरडली नाही. "करपलं," ती हळूच म्हणाली. "पानी आन, सुध्या. पलत जा."

मी पळत गेलो. नवरीच्या काकूने आमच्यासाठी घरातली गार खोली उघडली. घागरा उतरला, ओला पंचा फिरवला, लिंबूपाणी घोटघोट पाजलं. ओवीने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "मला अजून साखर पाहिजे." आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

"आता हिला घालू काय?" वैशाली म्हणाली. "दुसरं काहीच आणलं नाही मी."

आत्याने चोरट्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग काखेतली उशी पुढे घेतली, दाताने टाका तोडला आणि उशीतून झबली बाहेर यायला लागली.

"आत्या!" मी म्हणालो.

"पिशवी नको म्हनलास," आत्या म्हणाली. "उशी नको कुटं म्हनलास?"

वैशाली हसली. मग ती मोठमोठ्याने हसायला लागली, आणि हसताना तिच्या डोळ्यांतून पाणीही आलं.

ओवी झबल्यात बाहेर आली आणि मांडवात गंमत सुरू झाली. एक आई आली, "आमच्याची पण बघा हो." दुसरी आली. तिसरीने मुलालाच पाठवलं. प्रत्येकीला मघापासून कळत होतं की पोर उकडतंय, पण पहिली शेरवानी कुणाच्या पोराची उतरायची यावर सगळं अडलं होतं. बघता बघता मखमल खुर्च्यांवर पडली आणि मांडवभर झबली पळायला लागली. फोटोग्राफर वैशालीकडे आला. "ताई, ड्रोनमध्ये हे सगळं रंगीत रंगीत दिसतंय."

"दिसू द्या," वैशाली म्हणाली.

मंगलाष्टकांच्या मध्ये, अंतरपाट धरलेला असताना, नवरदेवाने मान वाकवून मला विचारलं, "दादा, आत्याकडे माझ्या मापाचं हाय का बघ ना." भटजींनी त्याला डोळे वटारले, पण त्यांचीही पाठ शिजलेली होती हे त्यांच्या उपरण्यावरून दिसत होतं.

जेवणं सुरू झाली. आत्या पुन्हा त्याच खांबाला टेकून बसली होती. मांडीवर रिकामी उशीची खोळ, तोंडावर तृप्ती. नवरीकडच्या बायका येऊन तिला पानाचा विडा देऊन जात होत्या. ओवी कुठूनतरी जिलबी खात आली, आत्याच्या मागे गेली आणि जिलबीचा हात बदलून दुसरा हात तिने आत्याच्या ब्लाउजच्या गळ्यातून मागे घातला.

"पाठ बघू," ओवी म्हणाली.

सगळे हसले. ओवीने अगदी आत्यासारखे डोळे मिटले. मग डोळे उघडून ती आईकडे बघत म्हणाली, "आई, आत्या शिजली."

वैशालीने हसत हसत आत्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हसायची थांबली. ब्लाउज निथळत होता. ती झगमगीत साडी पाठीला नुसती चिकटली होती, गळ्याच्या कडेने घामोळ्यांची लाल रांग उठली होती. एक दिवसाची नव्हती ती, जुनी होती.

"आत्या, अहो सुती का नाही नेसत तुम्ही?" वैशाली रागावली. "तुमची ती जांभळी फुलांची होती बघा, किती मऊ..."

ती मध्येच थांबली, कारण जांभळी फुलांची ओवीच्या अंगावर होती.

मी मांडवात नजर फिरवली. माझ्या लग्नात आत्या हिरव्या चौकड्यांची नेसली होती, ती पंगतीत बसून जिलबी मागत होती. लावणीला जाताना नेसायची ती तपकिरी काठाची दोन भावांत वाटली गेली होती आणि एकमेकांवर पाणी उडवत होती. म्हसाच्या जत्रेतून तिच्या नवऱ्याने तिला एक पांढरी निळ्या ठिपक्यांची आणली होती, ती आम्हा भावंडांना लहानपणी कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. ती नवरीच्या चुलत भाच्याच्या अंगावर होती, आणि त्याच्यावर बासुंदी सांडली होती. इतकी वर्षं ही झबली रोज डोळ्यांसमोर होती आणि ती कुठून येतात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"आता सुती नेसतं कोन गो?" आत्या म्हणाली. आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय याची तिला लाज वाटत होती. ती खोळीची घडी करत राहिली. "समद्या गाऊनात नायतर लायलनमदी. मागू तरी कोनाकडं? माज्या व्हत्या त्या कापल्या. लायलनचं झबलं नाय ना व्हत."

परतीच्या प्रवासात बदलायला म्हणून वैशालीने स्वतःची एक सुती साडी पिशवीत आणली होती, वापरून मऊ झालेली. ती काढून तिने आत्याचा हात धरला आणि तिला गार खोलीत घेऊन गेली. बाहेर आल्या तेव्हा आत्या फिकट आकाशी साडीत होती. मला एकदम लहानपणची आत्या दिसली. तिने पदर बोटांत घेऊन चाचपला, उन्हाकडे धरून बघितला आणि वितीने मोजायला लागली.

"चार व्हतील," ती म्हणाली. "बारक्या मापाची पाच."

"आत्या," वैशाली म्हणाली, "हिला कात्री लागली, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे हे खरं आहे.

लग्नाचा अल्बम आला. मुखपृष्ठावर नवरा-नवरी आहेत आणि भोवती झबली. टोकावड्याहून आत्याला दोन लग्नांच्या पत्रिका आल्या, आणि दोन्हींच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलं होतं, उशीसह यावे. आळीतल्या बायकांनी पेट्या उपसून सासवांच्या जुन्या सुती साड्या आत्याला नेऊन दिल्या. अर्थात त्यातल्या निम्म्यांची झबली झाली. आकाशी साडीला कात्री लागलेली नाही, पण तिचा पदर मला दर आठवड्याला थोडा आखूड दिसतो. वैशालीला सांगायची माझी हिंमत नाही.

एक नेम मात्र वैशालीने घालून दिलाय. रोज दुपारी ओवीने जायचं, आत्याची पाठ बघायची आणि येऊन सांगायचं. ओवी हे काम फार मनावर घेते. काल तिला जेवायला हाक मारायला मी गेलो. आत्या मशीनवर बसली होती, दाराकडे पाठ, मान खाली. मशीन थांबलेलं. ओवीचा हात मानेमागून कोपरापर्यंत आत गेलेला होता आणि तिने डोळे मिटलेले होते. मी दारातच थांबलो.

"बरं हाय," ओवीने निकाल दिला आणि हात बाहेर काढला.

आत्या हलली नाही. तिने मान वर केली नाही.

"नीट बघ गो," ती म्हणाली. "घाय करू नको."

ओवीने पुन्हा हात आत घातला.